इंग्रजींतील अजमासाचे शब्द

इंग्रज माणूस मोजून बोलतो आणि आपण अंदाजानें बोलतों, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत फार दिवसांपासून रुजलेली आहे. कचेरींतील घड्याळ, खात्यांचीं कोष्टकें आणि रेल्वेचें वेळापत्रक यांनीं ती रुजविली, आणि इंग्रजी शिकलेल्यांनीं ती श्रद्धेनें जोपासली. मुलानें घरीं येऊन ‘दहा-बारा जण आले होते’ असें सांगितलें, तर ‘दहा कीं बारा तें नीट सांग’ असें त्यास दरडावणारे वडील अजूनही पुष्कळ आहेत. त्या दरडावणींत केवळ हिशेबाची शिस्त नसते. आपल्या भाषेंतच कांहीं ढिलाई आहे आणि ती इंग्रजीच्या सहवासानें सुधारावयाची आहे, असाही एक भाव तींत दडलेला असतो.

ही समजूत तपासून पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे ज्या भाषेचा दाखला दिला जातो, तिच्याकडेच वळणें. तसें केलें म्हणजे असें दिसतें कीं, अजमासाच्या शब्दांची आणि वाक्प्रचारांची जी समृद्धि इंग्रजींत आहे, ती दुसऱ्या कोणत्याही भाषेहून कमी नाहीं. इतकेंच नव्हे, तर या शब्दांना स्वतःचा इतिहास आहे. आणि तो पाहिला असतां नेमकेपणा व अजमास हीं दोन निरनिराळ्या समाजांचीं लक्षणें नसून एकाच समाजाच्या व्यवहारांतील भरती-ओहोटी आहे, असें आढळून येतें. जे शब्द आज सैल वाटतात ते एके काळीं काटेकोर मापें होतीं; आणि जे सैल होते त्यांस पुढें कायद्यानें किंवा व्यापारानें घट्ट बांधलें. या दोन्ही प्रवाहांचीं कांहीं उदाहरणें येथें पाहूं.

प्रथम ‘स्कोअर’ हा शब्द घेऊं. ‘स्कोअर्स ऑफ पीपल’ म्हणजे पुष्कळ माणसें, एवढाच अर्थ आज वाचक घेतो. त्यांत किती विसा आल्या हें कोणी मोजीत नाहीं. परंतु हा शब्द उत्तरेकडील नॉर्स भाषेंतून इंग्रजींत आला तो ‘खांच’ या अर्थानें. गुरें-मेंढरें मोजतांना वीस झालीं कीं काठीवर एक खांच पाडावयाची. म्हणून खांच म्हणजेच वीस. आपल्याकडील ‘विसा’च्या हिशेबाशीं याचें साम्य उघड आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलांत माणसाचें आयुर्मान तीन विसा आणि दहा असें सांगितलें आहे, तेथें ‘स्कोअर’ बरोबर वीसच आहे. १८६३ सालीं गेटिसबर्ग येथें अब्राहम लिंकननें आपल्या राष्ट्राच्या जन्मास किती वर्षें झालीं तें याच मापानें सांगितलें. चार विसा आणि सात म्हणजे सत्त्याऐंशीं, आणि १८६३ मधून सत्त्याऐंशीं वजा केलीं कीं नेमकें १७७६ हें स्वातंत्र्यघोषणेचें साल निघतें.

या खांचांचा कारभार पोरखेळ नव्हता. इंग्लंडच्या राजाचा खजिना शेंकडों वर्षें अशाच काठ्यांवर चालला. राजाचा कोषाधिकारी रिचर्ड फिट्झनील यानें सुमारें ११७९ सालीं खजिन्याच्या कारभारावर लॅटिन भाषेंत जो संवादरूप ग्रंथ लिहिला, त्यांत खांचा कशा पाडाव्या याचे नियम दिलेले आहेत. हजार पौंडांची खांच तळहाताच्या रुंदीची, शंभराची आंगठ्याच्या रुंदीची, विसांची करंगळीएवढी आणि एका पौंडाची पिकलेल्या सातूच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरून एक भाग पैसे भरणाऱ्यास व दुसरा खजिन्यास. दोन्ही भाग जुळले तरच हिशेब खरा. येथें गंमत अशी कीं, राजाच्या अत्यंत नेमक्या हिशेबाचीं चिन्हें हाताच्या आंगठ्या-करंगळीवरून म्हणजे अजमासानेंच पाडलेलीं होतीं. आणि तरीही त्या हिशेबांत फसवणूक करणें कठीण होतें, कारण नेमकेपणा खांचेच्या रुंदींत नव्हता, दोन अर्धांच्या जुळणींत होता. १७८२ च्या कायद्यानें ही पद्धति बंद करण्याचें ठरलें, ती प्रत्यक्षांत १८२६ सालीं संपली. पुढें ढिगानें पडलेल्या त्या जुन्या काठ्या १८३४ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळण्यांत आल्या. आग भडकली आणि पार्लमेंटच्या वाड्याचा मोठा भाग जळून खाक झाला. माप गेलें, काठ्या गेल्या, वाडाही गेला. मागें उरला तो ‘पुष्कळ’ या अर्थाचा शब्द.

‘डझन’ आणि ‘हंड्रेड’ यांची कथा थोडी निराळी आहे. डझन हा शब्द फ्रेंचांकडून आला; त्याचें शेपूट ज्या प्रत्ययाचें आहे तो फ्रेंचमध्यें संख्येस जोडला कीं ‘सुमारें तितके’ असाही अर्थ होतो. इंग्रजांनीं बारासाठीं तो उचलला आणि बाजारांत पक्का केला. परंतु ‘डझन्स ऑफ’ म्हणतांच तो पुन्हां सैल होतो. ‘हंड्रेड’ तर फार काळ एकाच संख्येचें नांवच नव्हतें. नॉर्स परंपरेंत शंभर म्हणजे सहा विसा, अर्थात् १२०. आणि मासे, अंडीं अशा जिनसांच्या मोजणींत हें ‘मोठें शंभर’ इंग्लंडांत कित्येक शतकें टिकून राहिलें. शंभराचें वजन असा ज्याचा शब्दशः अर्थ, त्या ‘हंड्रेडवेट’मध्यें शेवटपर्यंत ११२ पौंडच राहिले. म्हणजे ज्यांनीं आपल्याला नेमकेपणाचा धडा दिला, त्यांच्या बाजारांत शंभर म्हणजे कधीं १००, कधीं ११२ आणि कधीं १२० असत.

डझनाबरोबर ‘बेकर्स डझन’ म्हणजे पाववाल्याचें डझन हा वाक्प्रचार आलाच. त्याचा अर्थ तेरा. यामागें बहुधा १२६६ च्या सुमाराचा पाव आणि दारू यांविषयींचा कायदा सांगितला जातो. त्या कायद्यान्वयें पावाची किंमत कायम ठेवून वजन गव्हाच्या भावाप्रमाणें कमी-अधिक करावें लागे. वजन कमी भरल्यास दंड होई, आणि गुन्हा मोठा असेल तर भर बाजारांत खोड्यांत उभें राहावें लागे. हातानें केलेला पाव भट्टींत किती आळतो हें आधीं कोण सांगणार? म्हणून पाववाले बारांवर एक जास्त देत, असें स्पष्टीकरण रूढ आहे. दुसरें स्पष्टीकरण याहून व्यवहारी आहे: पाववाल्याकडून माल घेऊन दारोदार विकणाऱ्यास बारांच्या किंमतींत तेरा पाव मिळत, आणि तो तेरावा हाच त्याचा नफा. वाक्प्रचार म्हणून हे शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आढळतात. तेव्हां या दोहोंपैकीं दुसरें आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. कोणतेंही खरें असो, तेरावा पाव म्हणजे गणितांतील चूक नव्हे. मापाच्या अपुरेपणाची जाणीव ठेवून माणसानें केलेली ती तरतूद आहे. आपल्या बाजारांतही मोजणी संपल्यावर वर कांहीं टाकण्याची जी रीत आहे, तिचें मर्म याहून वेगळें नाहीं.

आतां कालमापनाकडे वळूं. ‘मोमेंट’ म्हणजे क्षण. ‘जस्ट अ मोमेंट’ म्हणून आंत गेलेला कारकून किती वेळानें बाहेर येईल हें ब्रह्मदेवही सांगूं शकणार नाहीं. पण मध्ययुगीन पंडितांच्या गणनेंत ‘मोमेंट’ हें निश्चित माप होतें. बीड या इंग्रज साधूनें ७२५ सालीं लिहिलेल्या कालगणनेच्या ग्रंथांत एका तासाचे ४० मोमेंट सांगितले आहेत. म्हणजे आजच्या हिशेबानें एक मोमेंट दीड मिनिटाचा. घड्याळांनीं तास साठांत विभागला, आणि निरुपयोगी झालेला मोमेंट नेमकेपणाच्या नोकरींतून सुटून अजमासाच्या पेन्शनींत गेला.

‘क्वारंटाइन’चें उदाहरण तर आपल्या सर्वांच्या घरांतलें झालें आहे. प्लेगच्या भीतीनें परगांवच्या जहाजांना किनाऱ्यापासून दूर रोखून धरण्याची प्रथा एड्रियाटिक समुद्राकांठच्या बंदरांत सुरू झाली. १३७७ सालीं रागुझा नगरानें त्यासाठीं तीस दिवस ठरविले; पुढें ते चाळीस झाले, आणि व्हेनिसच्या बोलींतील ‘चाळिशी’ या अर्थाचा शब्द सर्व युरोपभर गेला. २०२० च्या साथींत आपल्याकडे लोकांना चौदा-चौदा दिवसांचें क्वारंटाइन झालें. शब्दाच्या मूळ अर्थानें पाहतां ही चौदा दिवसांची चाळिशी होय. तरी कोणास त्यांत विसंगति वाटली नाहीं, आणि वाटण्याचें कारणही नव्हतें.

‘डेसिमेट’ या क्रियापदाविषयीं मात्र इंग्रजींतील शुद्धिवादी अद्याप भांडतात. रोमन सैन्यांत पळपुट्या तुकडीस शिक्षा देतांना चिठ्ठ्या टाकून दर दहांतील एकास त्याच्या सोबत्यांकडूनच मारविण्यांत येई. इसवी सनापूर्वीं ७१ मध्यें स्पार्टाकसच्या बंडाच्या वेळीं क्रॅससनें ही जुनी शिक्षा पुन्हां अंमलांत आणली. त्यावरून आलेल्या या शब्दाचा आजचा अर्थ ‘बहुतेक नाश करणें’ असा आहे. दहांतील एक मेला तर नऊ उरतात. पण आज ‘डेसिमेट’ झालेल्या सैन्यांत नऊ-दशांश लोक शिल्लक असतील अशी कल्पना कोणी करीत नाहीं. शुद्धिवाद्यांचा तर्क निर्दोष आहे, तरी शब्द त्यांचें ऐकत नाहीं. संख्या विसरली गेली, दहशत तेवढी लक्षांत राहिली; आणि शब्दानें पुढें तिचीच सेवा केली.

हे झाले नेमक्याचे सैल झालेले शब्द. जन्मतःच सैल असलेल्यांत ‘सम’ हा सर्वांत जुना म्हणावा लागेल. ‘सम ट्वेंटी मेन’ म्हणजे वीसेक माणसें, ही रचना इंग्रजीच्या प्राचीन अवस्थेपासून चालत आलेली आहे. त्या काळीं ‘सम’चा अर्थ ‘कोणी एक’ असाही होता. आणि वेदांतील ‘कोणीही’ या अर्थाचें ‘सम’ हें सर्वनाम त्याचेंच भावंड आहे, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठी ‘वीसेक’, ‘पन्नासेक’ या रूपांत आपणही संख्येस ‘एक’ चिकटवितों. संख्येचा कांटा थोडा हलविण्यासाठीं दोन दूरच्या भाषांना ‘कोणी एक’ या कल्पनेचाच आधार घ्यावासा वाटला, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

‘ऑड’ हा त्याचा शेजारी. पण दोघांचा स्वभाव निराळा. नॉर्स भाषेंत याचा मूळ अर्थ टोंक. त्रिकोणाच्या तिसऱ्या टोंकावरून ‘जोडी जमल्यावर उरलेला तिसरा’ असा अर्थ आला, त्यावरून विषम संख्या, आणि जोडीबाहेरचा म्हणून विचित्र. ‘ट्वेंटी-ऑड’ म्हणजे विसांवर कांहीं. तो आंकडा विसांच्या खालीं कधींच जात नाहीं. ‘अबाउट ट्वेंटी’ दोन्ही बाजूंस झुकतो, ‘ट्वेंटी-ऑड’ वरच्याच बाजूस. मधली लहानशी रेघ गळली, तर वीसांवर कांहीं माणसांच्या जागीं वीस विक्षिप्त माणसें येऊन उभीं राहतात, हा विनोद इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतो.

याहून सूक्ष्म प्रकार ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचा. एका उपपदाच्या असण्या-नसण्यानें येथें संख्या बदलत नाहीं. बोलणाऱ्याचें मन बदलतें. सभेस पंधरा श्रोते आले. चिटणीस उपपद लावून सांगतो, तेव्हां ‘कांहीं तरी आले’ असें समाधान असतें. विरोधक उपपद गाळून तेंच सांगतो, तेव्हां ‘फारसे कोणी आलेच नाहींत’ असा टोमणा असतो. त्यावर ‘क्वाइट अ फ्यू’ म्हटलें कीं अर्थ उलटून ‘बरेच’ असा होतो. ही लकब एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत रूढ झाली. विद्यार्थी भाषांतरांत या तिन्हींस सरसकट ‘थोडे’ असा एकच शब्द योजतात, आणि आंकडा न चुकतां सारा अभिप्राय चुकतो. अजमासाचा शब्द केवळ किती हें सांगत नाहीं, तर त्या कितीकडे बोलणारा कोणत्या दृष्टीनें पाहतो हेंही सांगतो. आणि हें काम नेमक्या आंकड्यास साधत नाहीं.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शिपायांच्या तोंडीं ‘अम्टीन’ हा शब्द आला. तारायंत्राच्या मोर्स लिपींतील बिंदूस ‘इडी’ आणि रेघेस ‘अम्टी’ म्हणण्याची शिकाऊ तारवाल्यांची चाल होती. त्या ‘अम्टी’स तेरा ते एकोणिसांच्या इंग्रजी नांवांचें शेपूट लावून ही संख्या तयार झाली. तिला शेपूट आहे पण डोकें नाहीं. तिचा अर्थ ‘मोजून कंटाळा येईल इतके’. आपला ‘सतराशें साठ’ याच कुळांतला. फरक इतकाच कीं आपण खऱ्या संख्येस खोटें काम दिलें, आणि त्यांनीं त्या कामासाठीं खोटी संख्याच घडविली.

आतां उलट प्रवाह पाहूं. ‘एकर’ म्हणजे मुळांत नुसतें शेत. संस्कृतांतील ‘अज्र’ हा त्याचाच सगोत्र. पुढें एका दिवसांत बैलांच्या नांगरानें जेवढी होईल तेवढी जमीन, असा त्यास अर्थ आला. बैलांवर, मातीवर आणि नांगऱ्यावर अवलंबून असणारें हें माप राजाज्ञेनें ४,८४० चौरस यार्डांत बांधलें गेलें. ‘फर्लांग’ म्हणजे नांगराच्या तासाची लांबी. ती २२० यार्डांवर स्थिर झाली, आणि १५९३ च्या कायद्यानें आठ फर्लांगांचा मैल ठरला.

जमिनीचें असें झालें, तर ‘अबाउट’सारख्या निव्वळ अजमासाच्या शब्दाचें काय? त्यासही न्यायालयांत उभें राहावें लागलें. १८७६ सालीं इंग्लंडांत मॉरिस विरुद्ध लेव्हिसन हा खटला झाला. जहाज भाड्यानें घेणारानें ‘सुमारें ११०० टन’ माल भरण्याचा करार केला होता. जहाजाची क्षमता त्याहून पुष्कळ अधिक होती. मालकास पूर्ण जहाज भरून हवें होतें. न्यायालयानें ‘सुमारें’ची किंमत शेंकडा तीन ठरविली, म्हणजे ११०० वर ३३ टन, अधिक नाहीं. पुढें आंतरराष्ट्रीय व्यापारांत बँकांच्या पतपत्रांसाठीं १९३३ सालीं समान नियम तयार झाले. त्यांची २००७ पासून अंमलांत असलेली आवृत्ति सांगते कीं, रकमेच्या, नगाच्या किंवा दराच्या मागें ‘अबाउट’ अथवा ‘अप्रॉक्झिमेटली’ असा शब्द असेल तर शेंकडा दहापर्यंत कमी किंवा अधिक चालेल. मुंबईहून परदेशीं माल धाडणाऱ्या व्यापाऱ्याच्या पतपत्रासही हे नियम लावलेले असतात. तो शब्द पतपत्रांत लिहिला आहे कीं नाहीं, यावर त्याचे पैसे मिळणें अथवा अडकणें अवलंबून राहतें. ज्या शब्दास आपण ढिलाई समजतों, तो येथें करारांतील एक मोलाचें कलम होऊन बसला आहे.

याची दुसरी बाजू म्हणजे खोटा नेमकेपणा, आणि तो अजमासाहून अधिक घातक असतो. १८५६ सालीं भारताचे सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनीं ‘पीक १५’ या शिखराची, म्हणजे पुढें एव्हरेस्ट नांव मिळालेल्या पर्वताची, उंची २९,००२ फूट जाहीर केली. अशी आख्यायिका आहे कीं मोजमापांची सरासरी बरोबर २९,००० फूट आली होती. पण एवढी तीन शून्यें पाहून लोक तो नुसता अजमास समजतील, म्हणून दोन फूट वाढविण्यांत आले. कथा खरी असो वा नसो, ती निघाली आणि टिकली यांतच सर्व आलें. २०२० सालीं नेपाळ व चीन यांनीं मिळून ही उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३१ फुटांहून किंचित् अधिक, अशी जाहीर केली. म्हणजे ते दोन फूट नेमके नव्हते. ते नेमकेपणाचे दागिने होते. तापाचें उदाहरण असेंच आहे. १८६८ सालीं जर्मन वैद्य वुंडरलिख यांनीं निरोगी माणसाचें उष्णतामान सरासरीनें ३७ अंश सेल्सिअस सांगितलें. तें इंग्रजी फॅरनहाइटमध्यें उतरवितांच ९८.६ झालें. सदतिसांत जो ‘सुमारें’चा भाव होता, तो दशांशचिन्हानें पुसून टाकला, आणि पिढ्यान्पिढ्या आया त्या सहा-दशांशाची काळजी करीत राहिल्या.

हें सर्व पाहिल्यावर आरंभींच्या समजुतीचें काय उरतें? इंग्रजी समाजांत नेमकेपणा आला, तो इंग्रज माणसाच्या रक्तांतून किंवा त्याच्या भाषेच्या घडणींतून आला नाहीं. खजिना, बाजार, आरमार, न्यायालय आणि रेल्वे यांना जेथें जेथें त्याची गरज पडली, तेथें तेथें तो शिक्षेच्या धाकानें आणि कायद्याच्या बळानें निर्माण करावा लागला; आणि गरज संपतांच शब्द पुन्हां मोकळे झाले. भाषेच्या घडणीचाच दाखला पाहिजे असेल, तर सव्वा, दीड, अडीच, पाऊण आणि साडे यांच्या बळावर मराठी बाई भाजी घेतांना जें एका शब्दांत सांगते, त्यासाठीं इंग्रजास तीन-चार शब्द जुळवावे लागतात. तेवढ्यावरून मराठी माणूस अधिक काटेकोर असें आम्ही म्हणणार नाहीं. तसेंच ‘दहा-बारा’वरून तो ढिला असेंही कोणी म्हणूं नये.

आपल्याला खरोखर शिकण्यासारखी गोष्ट निराळी आहे. कोठें मोजावें आणि कोठें ‘सुमारें’ म्हणावें, याचा विवेक ही ती गोष्ट होय. औषधाचा थेंब, कर्जाचें व्याज आणि मतपेटींतील मतें येथें अजमास हा अपराध आहे. पण सभेचे श्रोते, प्राचीन लढाईंतील मृत किंवा पर्वताची शतकापूर्वीं मोजलेली उंची यांविषयीं जेवढें ठाऊक आहे तेवढेंच सांगणें हाच प्रामाणिकपणा, आणि त्यासाठीं अजमासाचा शब्दच योग्य असतो. ज्या मुलानें दहा-बारा जण आले असें सांगितलें, त्यानें ते मोजले नव्हते. दरडावणीस भिऊन तो ‘अकरा’ म्हणाला, तर त्याचें उत्तर अधिक नेमकें होईल खरें, पण तें पहिल्याहून कमी सत्य असेल.